रुमालाखाली

मार्केट यार्डातल्या आडत दुकानात वायर ओढायला गेलो
तेव्हा बाहेर माघाचं ऊन, आत गुळाचा वास,
आणि गादीवर तातोबा मगदूम, वय एकोणऐंशी.
गल्ल्यावर आता नातू.
म्हातारा नुसता बसलेला, पण कान जागे.

“ह्या डबड्यात काय हाय?”
राउटर, म्हणालो. नाका आहे असं समजा.
आलेल्याला विचारतो कुठं जायचं, आणि हात करतो: असं.
पुरती वाट त्यालाही ठाऊक नसते,
पुढचा नाका तेवढा ठाऊक असतो.

“आणि माल?”
माल म्हणजे निरोप. तो अख्खा जात नाही.
शंभर रवे आहेत तुमचे, प्रत्येकावर आकडा घाला,
मिळेल त्या टेंपोत टाका,
एक कावळा नाक्यावरून, एक तावडे हॉटेलाकडून,
एखादा उगाच रंकाळ्याला वळसा घालून.
पोचतात मागंपुढं. तिथला हमाल आकड्यानं लावून घेतो
आणि एखादा दिसला नाही तर ओरडतो,
सतरावा परत धाडा!
ह्या रव्याला आम्ही पॅकेट म्हणतो.
म्हातारा हसला. “आमचा सतरावा कधी परत आला न्हाई.”

पत्ता मी राजारामपुरीवरनं सांगितला.
आठवी गल्ली, मग घर, मग मजला,
नुसते आकडे, मध्ये टिंबं.
एवढे आकडे ध्यानात कोण ठेवतो?
म्हणून कोपऱ्यावर एक माणूस बसवलाय, डीएनएस.
नाव सांगा, तो आकडा सांगतो.
तो आजारी पडला की गाव जागच्या जागी असतं
आणि घर कुणालाच सापडत नाही.

मग आवाज खाली आणून त्यानं खरा प्रश्न काढला:
“वाटंत कुणी रवा फोडून बघितला तर?”

बघणारच. म्हणून उघडी कुलपं पेठेत वाटून टाकायची.
कुणीही निरोप पेटीत घालावा, तुमचं कुलूप दाबावं.
दाबलं की त्यालाही उघडत नाही.
किल्ली एकच, ती तुमच्या करदोड्याला.

पान तोंडाशी नेलेलं तिथंच थांबलं, चुना बोटावर.
“आणि मधल्यानं आपलंच कुलूप माझं म्हणून वाटलं तर?”

हे कळायला मला कोर्सचे चार महिने लागले होते.
त्याला जामीन लागतो, म्हणालो, दोघांच्या ओळखीचा,
शिक्का मारून सांगणारा की कुलूप मगदुमांचंच.
त्या कागदाला सर्टिफिकेट म्हणतात.
“आणि जामीनच फुटला तर?”

मी वायरचं टोक सोलायला घेतलं.

नातवाचा पासवर्ड घेताना म्हातारा पुन्हा पुढं झुकला:
आता ह्यो तुमच्याकडं राहणार काय?
नाही. आम्ही ऊस ठेवत नाही, गूळ करून ठेवतो.
गुळाचा ऊस होत नाही.
उद्या तुम्ही तोच ऊस आणा, तसाच गूळ पडला
की तुम्ही तुम्हीच. ह्याला हॅश म्हणतात.
ह्यावर मात्र तो काही बोलला नाही. पटलं असावं.

जाताजाता सांगितलं, यंत्रं बोलण्याआधी हात मिळवतात,
हँडशेक.
भर बाजारात, सगळ्यांच्या देखत
दोघांत एक गुपित ठरतं, आणि बघणाऱ्याला कळत नाही.

“अरं इर्शाद, मग हे आधी सांगायचं की!”
खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला
आणि खालून बोटं धरली.
दोन दाबली, एक मोडलं, तळव्यावर नखानं रेघ.

“पन्नास वर्सं असाच भाव केला.
शिरोळच्या चौगुल्याची अन् माझी खूण येगळी हुती.
चौगुल्या गेला.
आता ती मला एकट्यालाच येती.”

किल्ली हरवल्यावर मजकुराचं काय होतं
ते मला सांगता आलं असतं.

“ठरलं?” त्यानं रुमाल उचलला.
मी मान हलवली.

गाडीला किक मारतोय तोवर ऑफिसातून फोन:
कनेक्शनचं महिन्याला किती ठरलं?
रेघ अजून तळव्यावर होती, पांढरट.
ठरलंय साहेब, म्हणालो.
किती ते विचारून सांगतो.